पाटीवर चालणारा पीर

प्राथमिक शिक्षकांच्या ट्रेनिंगला असताना एका सरांनी मला खाली बसायला सांगितलं आणि मी बसले नाही. साठ सालानंतरची गोष्ट. विषय होता बालमानसशास्त्र. सर विद्वान होते आणि शिकवायचेही जीव ओतून. त्या दिवशी ते मुलांच्या चित्रांबद्दल सांगत होते. मूल जे तोंडानं सांगत नाही ते चित्रात सांगतं, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. मग त्यांनी फळ्यावर एक मोठं घर काढलं, कोपऱ्यात एक चिमुकलं घर काढलं आणि म्हणाले, चित्र दिवसेंदिवस लहान होत गेलं की समजावं, मूल आतून आक्रसत चाललंय. चित्रात माणूसच नसेल तर ते एकटं पडलंय. डावंउजवं उलटं झालं असेल तर मन ठिकाणावर नाही. वर्गातल्या सगळ्या जणी माना खाली घालून उतरवून घेत होत्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, सर, माझ्या बापानं काढलेली चित्रं रोज लहान होत गेली, त्यांत माणूस नव्हता आणि ती उलटीही होती. पण तो आक्रसत नव्हता, तो बरा होत होता.

वर्ग हसला. सर म्हणाले, बसा. मी कोळ्याची पोर, उभी राहिले की सहजी बसत नाही. पण तेवढ्यात तास संपला आणि माझं सांगायचं राहून गेलं. ते आता सांगते.

आमचं गाव मुरुडच्या अलीकडं, एका खाडीच्या तोंडाशी. नबाबाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती, पण म्हातारी माणसं कचेरीत जायचं झालं की अजून ‘नबाबाकडं जातो’ असंच म्हणायची. गावाच्या उत्तर अंगाला डोंगर आणि दक्षिणेला, खाडीच्या टोकावर, पीर. पीर म्हणजे चुन्यानं रंगवलेली पांढरीधोप कबर आणि वर छोटासा घुमट. मोहल्ल्यातले मुसलमान आणि आम्ही कोळी, दोघंही त्याला मानायचो. डोंगर आणि पीर, या दोन खुणा तेवढ्या लक्षात ठेवा. बाकी गावात सांगण्यासारखं काही नव्हतं.

माझा बा तांडेल होता. मचव्याचं सुकाणू ज्याच्या हातात आणि मचव्यावरच्या माणसांचा जीव ज्याच्या भरवशावर, तो तांडेल. मचवा त्याचा आणि काकाचा, दोघा भावांचा होता. काका वयानं बराच लहान, तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला. बाचा आवाज इतका मोठा की तो आमच्या ओटीवर बोलला तर वाडीपलीकडच्या भटाला ऐकू जायचं, आणि भट त्याला तिकडून उत्तर द्यायचा. मला त्या आवाजाची लाज वाटायची. नंतर तो आवाज बंद झाला, तेव्हा घर खायला उठलं.

मी तिसरीत जायच्या आधीच्या वैशाखात, हंगाम संपत आला असताना, अवेळी वादळ झालं. समुद्रात सुकाणू तुटलं, मचवा आडवा झाला आणि बाचा लहानपणापासूनचा दोस्त पाण्यात गेला. बानं त्याचा हात धरला होता. तो सुटला. एवढंच आम्हाला काकाकडून कळलं, कारण काका त्या दिवशी मचव्यावर होता. बाकीच्या मचव्यांनी आमचा मोडका मचवा आणि त्यावरची माणसं ओढून आणली. दोस्ताचा देह समुद्रानं मागाहून दिवेआगरकडं बाहेर टाकला.

बा घरी आला तो मागच्या पडवीत जाऊन बसला, समुद्राकडं पाठ करून. त्यानंतर त्यानं वाळूवर पाऊल टाकलं नाही. कुठं जायचं झालंच तर किनारा सोडून सुपारीच्या वाड्यांमधून मोठा वळसा घालून जायचा. रात्रीची झोप नाही, दिवसाचं बोलणं नाही. कुणी हाक मारली तर मान वर करायचा आणि परत खाली घालायचा. आयनं भगताला बोलावलं. भगतानं पाणभूत लागलंय असं सांगितलं, कोंबडा घेतला, राख दिली. कोंबडा भगताच्या पोटात गेला आणि बा होता तिथंच राहिला. आय राखेची पुडी उशाखाली ठेवून रडायची. मला भगताचा फार राग आला होता, तो अजून आहे.

पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढलेले असतात. आमचा मचवाही काकानं आणि खलाशांनी माडाच्या झापांखाली घेतला, मोडलेल्या फळ्या बदलल्या, भेगांत कापूस ठासला, तेल पाजलं. नवं सुकाणू आलं. पण ते धरणार कोण, हा प्रश्न होता. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की हंगाम सुरू होतो, आणि तोवर काय ते ठरायला हवं होतं. कोळीवाड्यातल्या जाणत्यांनी आयला समजावलं की काकाच तांडेल होईल, आणि बाला मुंबईला पाठवावं. आमच्या गावचा एक जण गोदीत होता. रखवालदाराची जागा बघतो म्हणाला होता. आय हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मुंबईला गेला की बा संपला, हे मला कुणी सांगायला नको होतं. इथं निदान पडवीत तरी होता. तिथं कुठल्यातरी गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसून राहील, आणि एक दिवस आम्ही त्याला विचारायचंही सोडून देऊ. मला बा परत हवा होता, मोठ्या आवाजाचा, आणि मला तो पुनवेच्या आत हवा होता.

शाळा सुरू झाली. आमचे गुरुजी घाटावरचे, नवीन आलेले, हौशी. त्यांनी ‘आपला गाव’ असं चित्र काढायला सांगितलं. फळ्यावर नमुना काढून दिला: शाळेच्या ओटीवर उभं राहिलं की दिसतं तसं. पुढं घरं, त्यामागं समुद्र, उजव्या हाताला डोंगर, डावीकडं पीर, मधे बुडता सूर्य. घरून पाटीवर काढून आणा म्हणाले. माझा हात चित्रात कधीच बसला नाही. डोंगर काढायला गेले की भाकरी व्हायची. शेवटी पाटी आणि पेन्सिल घेऊन मी पडवीत गेले आणि बासमोर ठेवली. डोंगर काढून दे म्हटलं. त्यानं बराच वेळ पाटीकडं नुसतं बघितलं. मग पेन्सिल उचलली.

त्याला अक्षर एक येत नव्हतं, पण हात असा चालला की मी बघतच राहिले. खाली एक सरळ रेघ. त्यावर माडांची रांग. डोंगर असा की त्याची सोंड कुठं उतरते, खाच कुठं आहे, सगळं जिथल्या तिथं. पीर तर घुमटासकट. फक्त एकच झालं. त्यानं डोंगर डावीकडं काढला आणि पीर उजवीकडं.

मी पाटी तशीच शाळेत नेली. पोरांनी खिदळून घेतलं. हिच्या बापानं डोंगर उचलून पिराच्या जागी ठेवला म्हणाली. एकानं तर, पाणभुतानं ठेवला, असंही म्हटलं, आणि त्याला मी पाटी फेकून मारायच्या बेतात होते. गुरुजींनी आवरलं. चित्र चांगलं आहे, पण डावंउजवं चुकलंय म्हणाले. घरी येऊन मी बासमोर पाय आपटले. डोंगर उलटा काढलास, सगळे हसले, म्हटलं. बानं पाटी हातात घेतली, नीट बघितली आणि माझ्याकडं परत दिली.

“असाच हाय,” तो म्हणाला.

बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज ऐकला होता, म्हणून मी पुढं भांडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तो पाटीची वाट बघत बसलेला. परत तेच चित्र. परत डोंगर डावीकडं. मग तो रोजचाच परिपाठ झाला. सकाळी मला पाढे लिहायला पाटी लागायची, म्हणून मी ओल्या फडक्यानं चित्र पुसायची आणि मला हळहळ वाटायची. गुरुजींना सांगितलं तर त्यांनी शाळेतली एक कोपरा फुटलेली पाटी मला दिली. काढू दे त्यांना, म्हणाले, माणूस काहीतरी करतोय तोवर धीर सोडू नये. मुलांच्या चित्राला शाबासकी देणारे पुष्कळ गुरुजी मी नंतर पाहिले. पालकाला पाटी देणारे तेवढेच.

पण चित्र बदलत चाललं होतं आणि ते मला आवडत नव्हतं. डोंगर लहान व्हायला लागला. आधी पाटीभर असायचा, मग मुठीएवढा झाला. माड तर नुसती बारीक रेघ. आणि पीर सरकायला लागला. आज इथं, उद्या बोटभर डावीकडं, परवा आणखी. मी एकदा चिडून विचारलंही, बा, पीर काय चालतो की काय? त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. ‘पिराचे पाय’ ही माझी शाळेत चेष्टा होऊन बसली.

आयनं चित्रं बघितली आणि ती काकाजवळ रडली. रोज डोंगर आणि झाडंच काढतो, म्हणाली. होडी नाही, माणूस नाही, पाणी म्हणून एक रेघ. त्याचं मन समुद्रावरून उठलं. काकानं पाटी स्वतः काही बघितली नाही. भावासमोर जायचं तो टाळायचाच. दोघांच्या मधे तो सुटलेला हात होता आणि त्याबद्दल बोलायला कुणाच्याच तोंडात शब्द नव्हता. काका एवढंच म्हणाला की जमिनीवरच मन बसलं असेल तर मुंबईच बरी. आयनं त्या दिवशी बाचे दोन सदरे धुवून बांधून ठेवले. ते गाठोडं बघून मला रडू कोसळलं.

मग आषाढात एका उघडिपीच्या दिवशी आय मला घेऊन खाडीपलीकडच्या बाजाराला निघाली. सुकट आणि सुके बोंबील विकायचे होते. पलीकडं न्यायला एक तर होती, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी. खाडीतून सरळ जाते ती. पण त्या वेळी ओहोटी लागली होती, मधे चिखल उघडा पडला होता, म्हणून तरवाल्यानं होडी बाहेरून, खाडीच्या तोंडाकडून वळवून घेतली. आमच्याकडं बायका मचव्यावर चढत नाहीत. आयही कधी चढली नव्हती, मी तर नाहीच. खाडी ओलांडण्यापलीकडं आम्ही दोघींनी पाणी बघितलं होतं ते किनाऱ्यावरूनच.

मी टोपलीला धरून बसले होते. होडी तोंडाशी आली, वळली, आणि मी सहज मागं बघितलं.

डोंगर डावीकडं होता. पीर उजवीकडं होता. खाली पाण्याची सरळ रेघ, त्यावर माडांची रांग, डोंगराची सोंड जिथं उतरायची तिथंच उतरत होती. बाची पहिली पाटी जशीच्या तशी समोर उभी होती.

मी ताडकन उठले. होडी डुगडुगली, तरवाला ओरडला, आयनं माझी वेणी धरून खाली ओढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. मला तो लागलाही नाही. बानं चित्र उलटं काढलं नव्हतं. त्यानं ते समुद्रातून काढलं होतं. होडी काढली नव्हती, कारण तो होडीत बसला होता. आणि डोंगर लहान होत होता तो मन लहान झालं म्हणून नाही. तो रोज थोडं थोडं लांब जात होता.

त्या दिवशी बाजारात काय विकलं, काय नाही, मला काही आठवत नाही. आयला समजावून सांगायचा मी सारा दिवस प्रयत्न केला. पोरीला ऊन लागलं असं तिला वाटलं असावं. घरी आल्यावर मी पाय न धुताच पडवीत गेले. बाच्या मांडीवर पाटी होती. मी त्याच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, “बा, आज कुठवर गेलास?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले. मग त्याचे डोळे भरून आले. वादळानंतर पहिल्यांदाच मी त्याला रडताना बघितलं.

“खडपाच्या पल्याड,” तो म्हणाला. म्हणजे समुद्रातल्या खडकांच्याही पुढं.

त्यानंतर तो बोलू लागला. पुष्कळ नाही, पण पाटीपुरतं. मला कळलं ते असं की आमच्याकडं मचवा बाहेर निघाला की तांडेल पुढं फारसं बघत नाही, वळून वळून मागं बघतो. पुढं असतं काय, नुसतं पाणी. आपण कुठं आहोत हे मागच्या जमिनीवरून कळतं. डोंगर केवढा झाला, पीर त्याच्या किती जवळ आला, त्यावरून. मचवा नैऋत्येला लांब लांब गेला की टोकावरचा पीर डोंगराकडं सरकताना दिसतो. कोळ्याच्या घरात वाढलेल्या मला हे ठाऊक नव्हतं, कारण ही बायकांना सांगायची गोष्टच नव्हे. बानं ती एका पोरीला सांगितली.

शाळेतून आले की मी विचारायची, आज कुठवर? कधी तो म्हणायचा, काल होतो तिथंच. कधी पाटीवर डोंगर एकदम मोठा झालेला असायचा, आणि तो मान खाली घालून म्हणायचा की मागं फिरलो. मी म्हणायची, असू दे, उद्या जा. मोठ्या माणसाला असं सांगताना मला मोठा रुबाब वाटायचा. मचवा कुठं मोडला, ती जागा कोणती, हे मी विचारलं नाही. पण पीर डोंगराच्या पायथ्याला टेकायला आला, तेव्हा बा रेघ ओढून पुसायचा आणि परत ओढायचा. एक दिवस पेन्सिल इतकी दाबली की तिचे तुकडे झाले. नंतर काही दिवस पाटी कोरीच राहिली. आम्ही दोघं तिच्याकडं बघत नुसते बसायचो. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि पूनव जवळ येत होती.

पुढं मी शिक्षिका झाले तेव्हा हे माझ्या फार उपयोगी पडलं. पहिल्याच शाळेत एक मुलगी दार नसलेलं घर काढायची. सहकारी बाईंचं म्हणणं, हिच्या घरी काहीतरी कोंडमारा आहे. मी तिला विचारलं, तू कुठं बसून काढलंस? ती म्हणाली, घरात. दार माझ्या पाठीमागं आहे, मी धरून बसलेय, बाबा दारू पिऊन आले की उघडायचं नाही म्हणून. घरी त्रास होता हे बाईंचं खरंच होतं. पण ती आठ वर्षांची पोर त्यात नुसती कोंडलेली नव्हती, ती दार धरून बसली होती. सरांनी वर्गात सांगितलेलं खोटं नव्हतं. त्यांनी चित्र बघायला शिकवलं. चित्र काढणारा कुठं बसलाय ते विचारायला मला बानं शिकवलं.

तर कोऱ्या पाटीचे दिवस गेले, आणि एका दुपारी मी आले तर पाटीवर चित्र होतं. डोंगर नखाएवढा. पीर म्हणजे एक ठिपका, डोंगराच्या पायथ्यात शिरलेला. बा भिंतीला टेकून बसला होता, घामानं निथळलेला, पण त्याचा श्वास सावकाश चालला होता. मी पाटी उचलली, पदराखाली धरावी तशी परकराच्या घोळात धरली, आणि पावसात पळत किनाऱ्यावर गेले.

काका मचव्याखाली बसून दोर वळत होता. मी पाटी त्याच्या पुढ्यात धरली. त्यानं आधी वैतागून बघितलं, मग नीट बघितलं, आणि त्याच्या हातातला दोर गळून पडला. ती जागा त्याला ओळखायला वेळ लागला नाही. तोही तिथं होता.

“दादूस हितं गेला?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं, रोज थोडा थोडा जात होता, आज पोचला. काका तिथंच लहान मुलासारखा रडला. मग त्यानं जे सांगितलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवं सुकाणू धरायच्या विचारानं त्यालाही रात्र रात्र झोप येत नव्हती. त्या जागेवरून मचवा कसा न्यायचा, या भीतीनं तो अर्धा झाला होता, आणि सांगणार कुणाला, तांडेल तर तोच होणार होता.

तो तसाच ओला घरी आला आणि बाच्या समोर बसला. वादळानंतर दोघं भाऊ पहिल्यांदाच समोरासमोर बसले. काका म्हणाला, दादूस, सुकाणू मी धरणार नाही, तू आलास तर मी येतो, नाहीतर मचवा राहू दे झापांखाली. बानं पाटी जवळ ओढली. पुढच्या दिवशीच्या चित्रात पीर डोंगरापासून थोडा सुटला होता आणि डोंगर थोडा वाढला होता. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी वाढला. मी काकाला रोज वर्दी द्यायची. बा परत येत होता. पाटीवर डोंगर एवढा झाला की वर जागा उरली नाही, तेव्हा पूनव दोन दिवसांवर होती.

पुनवेच्या दुपारी सारा कोळीवाडा किनाऱ्यावर लोटला. ढोल, ताशे, नव्या लुगड्यांतल्या बायका, रंगवलेले मचवे. जाणती मंडळी आमच्या मचव्यापाशी उभी होती. काका हात बांधून बाजूला होता. आयनं वाड्यांकडच्या वाटेवर डोळे लावले होते, आणि मी तर आयचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला रुतल्या. येईन असं बा कुणालाच म्हणाला नव्हता.

तो वाडीच्या वाटेनं आला नाही. घराचं पुढचं दार उघडून सरळ समोरून आला, डोक्याला लाल रुमाल बांधून. वाळू सुरू होते तिथं थांबला. ढोलवाल्यांचे हात थांबले, त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. मग त्यानं वाळूवर पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि चालत आमच्याकडं आला. मी आयचा हात सोडून दोन पावलं पुढं गेले.

गर्दीतून एक बाई पुढं झाली. बाच्या दोस्ताची विधवा. सणाच्या कामाला विधवा बाईनं हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि दोघीतिघी कुजबुजल्याही. तिनं कुणाकडं बघितलं नाही. मचव्यावरचा नारळ उचलून तिनं बाच्या हातात दिला आणि म्हणाली, “तुमीच द्या.” बानं तो कपाळाला लावला, गुडघाभर पाण्यात गेला आणि समुद्राला दिला. मग ढोल असे वाजले की पिरापर्यंत आवाज गेला असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीबरोबर मचवा निघाला. सुकाणूवर बा. आय दिवसभर चुलीपाशी बसून होती, पण चूल पेटवायचं तिच्या ध्यानात नव्हतं. मी शाळेत गेले नाही आणि गुरुजींनी मागाहून विचारलंही नाही. उन्हं कलताना शिडं दिसली, त्यांत आमचं ओळखलं, आणि आम्ही दोघी पळत सुटलो. मचव्यात पापलेट होतं, घोळ मासा होता, आणि बा पाण्यातूनच टोपल्या आणा म्हणून असा ओरडत होता की वाडीपलीकडून भटानं काय झालं म्हणून विचारलं. मला त्या आवाजाची लाज वाटली नाही. मी त्याच्यावर उडी मारली आणि त्याच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून हसत सुटले.

तिथं काय झालं ते काकानं संध्याकाळी सांगितलं. पीर डोंगराच्या पायथ्यात गेला तशी मचव्यावर बोलणी बंद झाली. वल्ह्यावरच्या एकानं डोळे मिटून घेतले. काकाच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्यानं भीत भीत मागं, सुकाणूकडं बघितलं. बा ताठ उभा होता. त्यानं एकदा डोंगराकडं बघितलं, एकदा पिराकडं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“भिऊ नका रं. हितं मी रोज येतो. सोडा जाळी.”